घेण्याचे माप, देण्याचे माप

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, लाल मातीच्या सपाट प्रदेशात उभा असलेला उलुरू हा प्रचंड खडक पर्यटकांना चढण्यासाठी २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचा बंद झाला. आदल्या दिवशी पायथ्याशी शेकडो माणसे रांगेत उभी होती. सकाळी जोराच्या वाऱ्यामुळे वाट उशिरा उघडली. ती उघडताच खडकात रोवलेल्या साखळीला धरून माणसांची ओळ वर सरकू लागली. दुपारी चार वाजता वर जाण्याचा प्रवेश थांबवण्यात आला. त्यानंतर साखळी आणि तिचे लोखंडी खांबही काढून टाकण्यात आले. आता त्या वाटेची खूण म्हणून उरला आहे तो अनेक दशकांच्या पावलांनी घासून फिकट झालेला एक पट्टा.

एखादे स्थान ज्यांच्यासाठी पवित्र आहे, त्यांनी ‘कृपया येथे चढू नका’ अशी विनंती केल्यावर, दुरून पैसे खर्चून आलेल्या पाहुण्याला तेथे चढण्याचा हक्क उरतो काय, असा हा प्रश्न आहे. प्रथमदर्शनी तो परक्या देशाचा आणि परक्या लोकांचा वाटतो. परंतु २०२२ च्या अखेरीस ज्या समाजाने आपल्या सर्वश्रेष्ठ निर्वाणभूमीचे पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून बाजारपेठा बंद ठेवल्या आणि मूक मोर्चे काढले, त्या समाजाने हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत सरकारपुढे मांडला होता. म्हणून उलुरूची कथा सविस्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

खडक आणि त्याचे रखवालदार

उलुरू हा वालुकाश्माचा एकसंध खडक मैदानापासून ३४८ मीटर उंच असून त्याचा घेर ९ किलोमीटरहून अधिक आहे. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात त्याचा रंग तांबूस, केशरी, जांभळट असा पालटत जातो. या प्रदेशाचे मूळ रहिवासी स्वतःला ‘अनंगू’ म्हणवतात. पिचांचाचारा आणि यांकुनिचाचारा या त्यांच्या भाषा. हजारो वर्षांपासून ते या भूमीवर राहत आले आहेत.

अनंगूंच्या जीवनव्यवहाराचा आधार ‘चुकुर्पा’ या शब्दात सामावलेला आहे. सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा, आचाराचे नियम, नातेसंबंधांची मर्यादा, भूमी आणि प्राणी यांच्याविषयीचे कर्तव्य हे सर्व त्यात येते. हा धर्म ग्रंथात लिहिलेला नाही. तो भूमीवरच लिहिलेला आहे, असे म्हणता येईल. खडकातील प्रत्येक कपार, डाग आणि पाणवठा एखाद्या पूर्वजाच्या कृत्याची खूण मानला जातो. काही ठिकाणच्या कथा केवळ पुरुषांनी जाणायच्या, काही केवळ स्त्रियांनी. बाहेरच्या माणसाला त्यातील थोडाच भाग सांगितला जातो.

पर्यटक ज्या वाटेने वर चढत, ती वाट ‘माला’ नावाच्या पूर्वजांच्या कथेशी जोडलेली आहे. माला हा कांगारूच्या कुळातील, सशाएवढा लहान प्राणी. सृष्टीच्या आरंभी माला लोक विधीसाठी उलुरूला आले, तेव्हा त्यांच्यातील पुरुष याच वाटेने वर गेले, अशी अनंगूंची श्रद्धा आहे. म्हणून ते स्वतः ती वाट सहसा चढत नाहीत. त्या स्थानाचा आदर म्हणजे तेथे पाऊल न ठेवणे, हा त्यांचा आचार आहे.

या आचाराला आणखी एक बाजू आहे. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी चुकुर्पाने अनंगूंवर टाकली आहे. १९५० च्या दशकापासून वाट बंद होईपर्यंत उलुरूच्या चढणीत सुमारे ३७ जणांचा मृत्यू झाला. कोणी घसरून पडला, कोणाचे हृदय उन्हात आणि श्रमात बंद पडले. जखमी झालेले आणि सुटका करून आणावे लागलेले निराळे. अशी प्रत्येक घटना अनंगूंना घरात आलेल्या अतिथीचा घात झाल्यासारखी लागे. त्यामुळे ‘चढू नका’ या विनंतीत स्वतःच्या श्रद्धेच्या रक्षणाबरोबर पाहुण्याविषयीची काळजीही होती.

खडकाच्या डोक्यावर शौचालयाची सोय नव्हती. वर गेलेल्यांनी तेथे जे सोडले, ते पावसाबरोबर वाहत खालच्या पाणवठ्यांत उतरे. वाळवंटातील वन्यजीवांचे जीवन त्याच पाणवठ्यांवर चालते.

मालकी आणि करारपत्र

१८७३ साली विल्यम गॉस हा सर्वेक्षक उलुरूजवळ पोहोचला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांच्या नावावरून त्याने या खडकाला ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. ज्यांच्याकडे हजारो वर्षांचे नाव होते, त्यांना त्याविषयी विचारण्याचा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात आला नाही. पुढे हा भाग आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रात होता. परंतु पर्यटनाची शक्यता दिसू लागल्यावर १९५८ साली उलुरू त्या राखीव क्षेत्रातून वेगळा काढून राष्ट्रीय उद्यानात घेण्यात आला. १९६४ साली चढणीवर साखळी बसवली गेली आणि १९७६ साली ती आणखी वाढवण्यात आली. साखळीमुळे चढणे सोपे झाले, आणि ‘उलुरूला जाणे म्हणजे उलुरू चढणे’ हे समीकरण प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून पक्के होत गेले. खडकावर काळ्या ठिपक्यांसारखी दिसणारी ती ओळ पाहून अनंगूंनी पर्यटकांना ‘मिंगा’ म्हणजे मुंग्या असे नाव दिले.

१९७६ साली उत्तर प्रदेशासाठी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीसाठी, आदिवासींच्या भूमिहक्काचा कायदा झाला. अनंगूंनी दावा दाखल केला, पण राष्ट्रीय उद्यानाची जमीन त्या कायद्याखाली मागता येत नाही, या तांत्रिक कारणावर तो अडला. १९८३ साली पंतप्रधान बॉब हॉक यांनी उलुरू मूळ मालकांना परत देण्याचे जाहीर केले. त्या वेळी जमीन सरकारला भाडेपट्ट्याने देण्याची मुदत ५० वर्षांची असेल आणि चढण्यास मनाई केली जाईल, असे ठरले होते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी अनंगूंच्या हाती जमिनीचे मालकीपत्र दिले. त्याच समारंभात अनंगूंनी ती जमीन उद्यानासाठी सरकारला परत भाडेपट्ट्याने दिली. प्रत्यक्षातील करारात मुदत ५० ऐवजी ९९ वर्षांची झाली होती, आणि पर्यटकांना चढू देण्याची व्यवस्थाही कायम राहिली होती.

व्यापारी घराण्यांना भाडेपट्ट्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मालकी एकाची असते, वहिवाट दुसऱ्याची असते, आणि वहिवाटीच्या अटी करारात लिहिलेल्या असतात. अनंगू मालक झाले, त्यांना वार्षिक भाडे आणि उद्यानाच्या प्रवेशशुल्कात २५ टक्के वाटा मिळू लागला, उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळातील १२ पैकी ८ जागाही त्यांना मिळाल्या. परंतु ज्या एका गोष्टीसाठी ते आग्रही होते, ती करारात आली नाही. ती मागणी सोडली नसती, तर जमीनच परत मिळाली नसती. गरजू माणसाने सही केलेल्या करारात अशी कलमे असतातच.

चौतीस वर्षांची विनंती

हातात मालकी होती पण मनाईचा अधिकार नव्हता, तेव्हा अनंगूंनी विनंतीचा मार्ग धरला. चढणीच्या पायथ्याशी अनेक भाषांत फलक लावण्यात आले. हे स्थान आमच्यासाठी पवित्र आहे, ही चढण धोक्याची आहे, कृपया चढू नका, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. फलकाच्या शेजारीच वाट उघडी होती आणि साखळीही होती. निर्णय पाहुण्याच्या विवेकावर सोडलेला होता.

या विनंतीचे फळ हळूहळू दिसू लागले. १९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे चारात तीन जण चढत. २०१० च्या सुमारास हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आणि २०१५ पर्यंत सुमारे १६ टक्क्यांवर आले. याच काळात खडकाभोवतीची सुमारे १० किलोमीटरची पदयात्रा, अनंगू मार्गदर्शकांसह पाणवठे आणि गुहाचित्रे पाहणे, सूर्योदयाचे दर्शन, अशा गोष्टी अधिक लोकप्रिय झाल्या.

२०१० साली मंजूर झालेल्या व्यवस्थापन आराखड्यात चढण केव्हा बंद करावी याचे निकष लिहून ठेवण्यात आले. चढणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली जावे, किंवा पाहुण्यांसाठी पुरेसे अन्य अनुभव उपलब्ध व्हावेत, किंवा लोकांनी येण्याचे मुख्य कारण चढण न राहता निसर्ग आणि संस्कृती हे व्हावे. शिवाय पर्यटन व्यवसायाला तयारीसाठी पुरेशी आगाऊ सूचना द्यायची, असेही ठरले. निकष पूर्ण झाल्यावर १ नोव्हेंबर २०१७ रोजी व्यवस्थापन मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि अंमलबजावणीसाठी जवळजवळ दोन वर्षांनंतरची तारीख दिली. जमीन परत मिळाल्याचा ३४ वा वर्धापनदिन त्यासाठी निवडला गेला. मंडळाचे अध्यक्ष सॅमी विल्सन यांनी त्या वेळी सांगितले की, हे अत्यंत महत्त्वाचे स्थान आहे, करमणुकीचे उद्यान नाही.

विनंतीने प्रमाण इतके खाली आले, तर बंदीची गरज काय, असे कोणी विचारेल. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील ‘डेव्हिल्स टॉवर’ या खडकाचा अनुभव येथे उपयोगी आहे. लाकोटा आणि इतर अनेक आदिवासी जमातींसाठी तो पवित्र आहे आणि जून महिन्यात त्यांचे महत्त्वाचे विधी होतात. म्हणून १९९५ पासून उद्यान प्रशासन गिर्यारोहकांना जूनमध्ये स्वेच्छेने न चढण्याची विनंती करते. न्यायालयानेही ही ऐच्छिक पद्धत ग्राह्य धरली. पहिल्या वर्षी जूनमधील चढणारे फार मोठ्या प्रमाणात घटले, पुढे मात्र संख्या पुन्हा वाढू लागली. विनंती ऐकणारे थांबतात. न ऐकणाऱ्यांना, इतर थांबल्यामुळे, वाट मोकळी मिळते. उलुरूची बंदी जाहीर झाल्यावर शेवटच्या काही महिन्यांत चढणाऱ्यांची जी झुंबड उडाली, तिनेही हेच दाखवले. ज्यांनी कधी उलुरूचा विचार केला नव्हता, ते केवळ ‘पुढे मिळणार नाही’ म्हणून धावले.

विरोधकांचे म्हणणे

बंदीला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे टाकाऊ नव्हते. पहिला मुद्दा असा की, निसर्गाची निर्मिती कोणा एका समूहाची नसते. सिनेटर पॉलिन हॅन्सन यांनी ही बंदी सिडनीचा प्रसिद्ध बाँडाय समुद्रकिनारा बंद करण्यासारखी आहे, असे म्हटले. दुसरा मुद्दा असा की, आधुनिक राज्यात एका समूहाच्या श्रद्धेचे बंधन दुसऱ्यावर नसावे. तिसरा मुद्दा इतिहासाचा होता. पूर्वीच्या काळी काही अनंगू वाटाड्यांनी स्वतः पाहुण्यांना वर नेल्याचे दाखले आहेत. मग आजच हे स्थान इतके निषिद्ध कसे झाले? चौथा मुद्दा पोटापाण्याचा. पर्यटक कमी आले, तर त्याचा पहिला फटका स्थानिकांनाच बसेल.

पहिल्या दोन मुद्द्यांचे उत्तर करारपत्रात आहे. बाँडाय किनारा सार्वजनिक आहे. उलुरूची भूमी अनंगूंच्या कायदेशीर मालकीची आहे. कोणाच्याही घरी पाहुणा गेला, तर देवघरात चपला घालून जायचे की नाही, हे यजमान ठरवतो. पाहुण्याला त्या देवावर श्रद्धा ठेवण्याची सक्ती नसते. त्याने फक्त चपला उंबऱ्याबाहेर ठेवायच्या असतात. उलुरूवरही पर्यटकाला चुकुर्पा मानण्यास कोणी सांगितले नाही. त्याला खडक पाहण्यास, त्याच्याभोवती फिरण्यास, त्याच्या सावलीत बसण्यास पूर्ण मुभा आहे. फक्त एक वाट बंद झाली.

तिसऱ्या मुद्द्यात ऐतिहासिक तथ्य आहे. परंतु ज्या काळात आपल्या भूमीवर आपले काही चालत नव्हते, त्या काळातील दोन-चार वाटाड्यांच्या कृतीला साऱ्या समाजाची कायमची संमती मानता येत नाही. शिवाय श्रद्धेतील मर्यादा काळानुसार अधिक काटेकोर होतात, हा अनुभव सर्वच धर्मांत आहे. एखाद्या तीर्थावर पूर्वी जे चालत असे ते आज चालू देऊ नये, असे विश्वस्तांना वाटले, तर त्यांच्या श्रद्धेवर कोणी शंका घेत नाही.

चौथा मुद्दा व्यापाऱ्याच्या मनाला सर्वांत जवळचा आहे. पर्यटन व्यवसायाला दोन वर्षांची सूचना देणे, आधी नवे आकर्षण उभे करणे आणि मगच जुने बंद करणे, या क्रमात अनंगूंची व्यवहारदृष्टी दिसते. २०१६ साली ब्रूस मन्रो या कलावंताने उलुरूच्या परिसरात हजारो दिव्यांची ‘फील्ड ऑफ लाइट’ ही रचना उभी केली आणि ती पाहण्यासाठी जगभरातून लोक येऊ लागले. उद्यानाबाहेर युलारा येथील निवासी संकुल २०११ साली आदिवासींसाठी असलेल्या सरकारी भूमी महामंडळाने सुमारे ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतले. त्या व्यवहारातील कर्जाचा भार हा पुढे बराच काळ चिंतेचा विषय राहिला, हेही खरे. चढण बंद झाल्यावर काही महिन्यांतच कोविडची साथ आली आणि जगभरचे पर्यटन थांबले. त्यामुळे बंदीचा नेमका नफा-तोटा ताळेबंदात वेगळा दाखवता येणार नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. तोटा झाला असता तर त्याची झळ अनंगूंच्या प्रवेशशुल्कातील वाट्यालाही बसली असती, आणि तो धोका पत्करून त्यांनी निर्णय घेतला. ज्या श्रद्धेसाठी माणूस स्वतःच्या खिशातून किंमत मोजण्यास तयार असतो, तिला सबब म्हणता येत नाही.

पारसनाथ आणि मरांग बुरू

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील सम्मेद शिखराविषयी जैन वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. २४ पैकी २० तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. मधुबनहून पहाटेच्या अंधारात निघून २७ किलोमीटरची वंदना पूर्ण करणारे श्रावक-श्राविका प्रत्येक कुटुंबात आहेत. येथे चढणे हीच उपासना आहे. उलुरूला न चढणे ही उपासना आहे. दोन्ही आचार परस्परविरुद्ध दिसले, तरी त्यांमागचे तत्त्व एक आहे. स्थानाशी कसे वागावे, हे ज्यांच्यासाठी ते पवित्र आहे त्यांना विचारावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने पारसनाथ परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करणारी अधिसूचना काढली. तीत पर्यावरण-पर्यटनाची तरतूद होती. राज्याच्या पर्यटन धोरणाने त्यात भर घातली. या ठिकाणी सहलीला येणारे, मांसाहार आणि मद्यपान करणारे लोक वाढतील, या भीतीने २०२२ च्या डिसेंबरमध्ये देशभर जैन समाज रस्त्यावर आला. जयपूर येथे उपोषणास बसलेले मुनी सुज्ञेयसागर महाराज ३ जानेवारी २०२३ रोजी कालवश झाले. ५ जानेवारीला केंद्र सरकारने पर्यटन आणि पर्यावरण-पर्यटनाशी संबंधित सर्व उपक्रमांना स्थगिती दिली, आणि मद्य व मादक पदार्थांची विक्री, मोठ्याने संगीत वाजवणे, अनधिकृत तंबू ठोकणे आणि गिर्यारोहण यांवरील निर्बंध कडकपणे पाळण्यास राज्याला सांगितले.

समाजाची मागणी मान्य झाली. पण त्याच आठवड्यात दुसरा आवाज उठला. पारसनाथचा हा पहाड संथाल आदिवासींसाठी ‘मरांग बुरू’ म्हणजे थोर पर्वत आहे, त्यांच्या श्रेष्ठ दैवताचे स्थान आहे. त्यांचे जाहेर थान, म्हणजे देवराईसारखे पूजास्थान, याच परिसरात आहे. आपल्या पूजेवर आणि वहिवाटीवर नव्या निर्बंधांनी गदा येईल, या चिंतेने संथाल संघटनांनी जानेवारी २०२३ मध्ये मोठी सभा घेतली आणि मरांग बुरूला मान्यता देण्याची मागणी केली. केंद्राच्या ५ जानेवारीच्या आदेशात देखरेख समितीवर जैन समाजाचे दोन आणि स्थानिक आदिवासी समाजाचा एक सदस्य कायम निमंत्रित म्हणून घ्यावा, असे सुचवलेले होते. पण एका कागदी तरतुदीने मनातील शंका मिटत नाहीत.

या दोन श्रद्धांत खरा आणि कठीण विरोध आहे, तो लपवून चालणार नाही. संथालांच्या परंपरेत वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास या पहाडावर शिकारीचा सण असे, आणि त्यावरून जैन व संथाल यांच्यातील वाद ब्रिटिश काळातच न्यायालयांपर्यंत गेला होता. अहिंसा ज्या धर्माचा प्राण आहे, त्याने शिखरावरील प्राणिहत्या मान्य करावी, असे कोणी म्हणणार नाही. पण शिकारीला विरोध करणे वेगळे, आणि हा पहाड संथालांचाही देव आहे हे मान्य न करणे वेगळे. शिकारीविषयी संवाद करता येईल, समजूत घालता येईल, कायद्याचा आधार घेता येईल. ‘तुमचा येथे देवच नाही’ असे म्हटल्यावर संवादाला जागाच उरत नाही. विल्यम गॉसने नवे नाव देताना जे केले, ते हेच होते.

हीनाधिकमानोन्मान

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक अतिचार थेट दुकानातील आहे. घेताना मोठे माप वापरायचे आणि देताना लहान, याला तत्त्वार्थसूत्राच्या परंपरेत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणतात. आगमांत त्याला कूटतुला-कूटमान म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या घरांत हा अतिचार मुलांना गल्ल्यावर बसवण्यापूर्वीच सांगितला जात असे. वजन खोटे असेल तर त्या दिवशीची कमाई चोरीची, मग गिऱ्हाइकाला ते कळो वा न कळो.

हा अतिचार केवळ धान्याच्या मापापुरता नसावा. सम्मेद शिखराविषयी समाजाने जे माप सरकारच्या हाती दिले, ते असे होते: हे स्थान आमच्यासाठी पवित्र आहे, म्हणून येथे काय व्हावे आणि काय होऊ नये याविषयी आमचे म्हणणे आधी ऐका, पर्यटनाचा महसूल त्यापुढे गौण आहे. हे माप योग्य होते. तेच माप मरांग बुरूसाठी आणि उलुरूसाठीही वापरावे लागेल. आपल्या शिखरासाठी एक पायली आणि दुसऱ्याच्या खडकासाठी दुसरी, असा व्यवहार श्रावकाला शोभणारा नाही.

मर्यादा ही उपासनेचाच भाग असते, हे जैन परंपरेला नव्याने शिकावे लागत नाही. पालीताण्याच्या शत्रुंजय पर्वतावर रात्री यात्रिक मुक्काम करत नाहीत; सूर्यास्तापूर्वी खाली उतरण्याची रीत आहे. चातुर्मासात ती यात्रा बंद असते. त्या चार महिन्यांत तेथे जाण्याची इच्छा असलेले हजारो लोक असतात, पण ‘आमचा हक्क डावलला’ असे कोणी म्हणत नाही. ज्या कैलासाला अनेक जण भगवान ऋषभदेवांच्या निर्वाणाची अष्टापद भूमी मानतात, त्याच्या शिखरावर कोणी चढत नाही. हिंदू, बौद्ध, बोन आणि जैन श्रद्धाळू सुमारे ५२ किलोमीटरची परिक्रमा करून परत येतात. उलुरूची पदयात्राही एका अर्थी परिक्रमाच आहे.

गिर्यारोहणाच्या इतिहासातही याचे एक उदाहरण आहे. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या कांचनगंगा शिखरावर पोहोचले. सिक्कीमवासीयांसाठी तो पर्वत दैवत आहे, म्हणून शिखराच्या माथ्यावर पाऊल ठेवणार नाही, असे वचन मोहिमेने दिले होते. माथा काही पावलांवर असताना दोघे थांबले. तेथे त्यांना पाहणारे कोणी नव्हते. तरीही वचन पाळले गेले, आणि पहिल्या आरोहणाचा मान त्यांच्याकडून कोणी काढून घेतला नाही. त्यांच्यानंतर आलेल्या अनेक पथकांनीही ती रीत पाळली.

प्रवासाला निघताना

आज मुंबई, पुणे, अहमदाबादहून जैन भोजनाच्या व्यवस्थेसह परदेशी सहली निघतात. कांदा-लसूण नसलेले, सूर्यास्तापूर्वीचे जेवण मिळावे, यासाठी प्रवासी कंपनीशी आधीच बोलणी होतात, आणि परक्या देशातील आचारीही ती मर्यादा सांभाळतात. त्या आचाऱ्याला कंदमुळांच्या त्यागामागचे तत्त्वज्ञान पटलेले असतेच असे नाही. पाहुण्याला ते महत्त्वाचे आहे, एवढे त्याला पुरते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत एखादे आदिवासी पवित्र स्थान असेल, तर त्याच जागरूकतेने चौकशी करता येते. तेथे चढणे स्थानिकांना मान्य आहे काय? कोठे छायाचित्र काढू नये अशी विनंती आहे? मार्गदर्शक स्थानिक समाजातील आहे काय? उलुरूच्या काही भागांत छायाचित्रण टाळण्याचे फलक आहेत. हौशी मुलांना ते कारणासह समजावून सांगणे, हे आई-वडिलांचे काम आहे.

उलुरूच्या उद्यान कार्यालयात एक वेगळीच टपाल येते. वर्षानुवर्षे जगाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे लहान-मोठ्या पुडक्यांत दगड परत येत आले आहेत. कधीकाळी आठवण म्हणून खिशात टाकलेला मूठभर तांबडा खडा किंवा माती त्यात असते, आणि अनेकदा सोबत क्षमा मागणारे पत्र असते. तेथील लोक या दगडांना ‘क्षमेचे दगड’ म्हणतात. पाठवणाऱ्याने त्या खड्यासाठी टपालखर्च भरलेला असतो, जो कोणत्याही बाजारभावाने त्या खड्याच्या किमतीपेक्षा अधिक असतो. न दिलेली वस्तू घेतली, हे इतक्या वर्षांनी त्याच्या ध्यानात आलेले असते. अदत्तादानाचा अर्थ ज्यांना लहानपणापासून शिकवलेला आहे, त्यांना तो खडा उचलण्यापूर्वीच थांबता येते.